जुन्या डेस्कटॉप संगणकासाठी ग्राफिक्स कार्डची निवड

ग्राफिक्स कार्ड हे मदरबोर्डवरील स्लॉटमध्ये बसवले जाणारे आणि संगणकातील माहितीचे पडद्यावरील चित्रात रूपांतर करणारे उपकरण होय. जुन्या डेस्कटॉप संगणकात नवे किंवा अधिक क्षमतेचे कार्ड बसवून तो आणखी काही वर्षे उपयोगात ठेवणे, हा नवा संगणक घेण्यापेक्षा कमी खर्चाचा मार्ग आहे. तथापि अशी निवड केवळ कार्डची क्षमता पाहून करता येत नाही. जुन्या संगणकाचा वीजपुरवठा, कॅबिनेटमधील जागा, मदरबोर्डवरील स्लॉट, प्रोसेसर आणि पडदा यांच्या मर्यादा आधी ठरलेल्या असतात आणि कार्ड त्या मर्यादांत बसणारे असावे लागते. जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांत उन्हाळ्याचे तापमान, धूळ आणि विजेची अनियमितता या बाबींचाही या निवडीवर परिणाम होतो.

पार्श्वभूमी

वैयक्तिक संगणकांत ग्राफिक्स कार्डसाठी १९९७ पासून एजीपी हा स्वतंत्र स्लॉट वापरात आला. पीसीआय एक्स्प्रेस या मानकाची पहिली आवृत्ती २००३ मध्ये जाहीर झाली आणि पुढील काही वर्षांत तिने एजीपीची जागा घेतली. आज मिळणारी सर्व कार्डे पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटसाठीच बनतात. त्यामुळे केवळ एजीपी स्लॉट असलेल्या संगणकासाठी सुधारणेचा विचार व्यवहार्य राहिलेला नाही.

एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड आणले व त्याला ‘जीपीयू’ म्हणजे ग्राफिक्स प्रक्रिया एकक असे संबोधले. एटीआय ही प्रतिस्पर्धी कंपनी २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली. २०२२ मध्ये इंटेलनेही आर्क या नावाने डेस्कटॉपसाठी स्वतंत्र कार्डे बाजारात आणली. दरम्यान, २०१०-११ पासून इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत चित्रप्रक्रियेचा भाग अंतर्भूत होऊ लागला. त्यामुळे सामान्य कामासाठी वेगळ्या कार्डची गरज बरीच कमी झाली.

गरजेची निश्चिती

संगणक मंद चालतो, या एकाच कारणासाठी ग्राफिक्स कार्ड घेणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. संगणक सुरू होण्यास वेळ लागणे, फाइल उशिरा उघडणे किंवा ब्राउझर अडखळणे यांचे कारण बहुधा फिरती हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम हे असते. अशा संगणकात एसएसडी बसवून रॅम ८ जीबीपर्यंत वाढवल्यास जो फरक पडतो, तो ग्राफिक्स कार्डने पडत नाही. एमएस-सीआयटीसारखा अभ्यासक्रम, टंकलेखन, हिशेबाचे काम, ऑनलाइन अर्ज आणि ऑनलाइन वर्ग यांसाठी प्रोसेसरमधील अंतर्भूत ग्राफिक्स पुरेसे असते.

पुढील कामांसाठी मात्र स्वतंत्र कार्डचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

* अभियांत्रिकी आरेखन: ऑटोकॅडमधील त्रिमितीय आराखडे आणि तत्सम सॉफ्टवेअर.
* त्रिमितीय चित्रण व सचेतन: ब्लेंडरच्या ४.० व त्यापुढील आवृत्त्यांना ओपनजीएल ४.३ चा आधार असलेले कार्ड लागते.
* व्हिडिओ संपादन: लग्नसमारंभाचे चित्रीकरण संपादित करणाऱ्या व्यावसायिकांना व्हिडिओ उलगडण्याचे व साठवण्याचे काम कार्डवर सोपवता येते.
* यंत्रशिक्षण: अनेक प्रणाली एनव्हिडियाच्या कुडा या व्यवस्थेवर चालतात.
* खेळ: त्रिमितीय खेळांचा वेग प्रामुख्याने कार्डवर अवलंबून असतो.

फ्लेक्स-फलक व पत्रिका यांच्या मांडणीसाठी कोरलड्रॉ वापरणाऱ्यांना मोठ्या कार्डपेक्षा अधिक रॅम व वेगवान प्रोसेसर यांचा लाभ जास्त होतो.

संगणकाची पूर्वतपासणी

*वीजपुरवठा*

संगणकातील सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या एककाला बाजारात एसएमपीएस म्हणतात. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळू शकते. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डला एसएमपीएसमधून स्वतंत्र तार जोडावी लागते. सहा पिनांच्या तारेतून आणखी ७५ वॅट आणि आठ पिनांच्या तारेतून १५० वॅट मिळतात.

कार्यालयांतून बाद झालेले आणि नूतनीकरण करून विकले जाणारे ब्रँडेड संगणक विद्यार्थ्यांकडे मोठ्या प्रमाणावर आढळतात. उदाहरणार्थ, डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या उभ्या कॅबिनेटमध्ये २९० वॅटचा आणि लहान कॅबिनेटमध्ये २५५ वॅटचा एसएमपीएस असतो. त्याला कार्डसाठी वेगळी तार नसते आणि मदरबोर्डची जोडणीही प्रचलित २४ पिनांची नसते. त्यामुळे बाजारातील साधा एसएमपीएस त्यात थेट लावता येत नाही. अशा संगणकासाठी केवळ स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर चालणारे कार्डच घ्यावे लागते.

विजेचा हिशेब सोपा आहे. ८४ वॅटचा चौथ्या पिढीतील कोअर आय-५ प्रोसेसर, मदरबोर्ड, डिस्क व पंखे यांसाठी सुमारे ५० वॅट आणि ७५ वॅटचे कार्ड मिळून बेरीज सुमारे २१० वॅट होते. २९० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर हा भार चालतो. असेंबल्ड संगणकातील स्वस्त एसएमपीएसवर छापलेला ४५० वॅट हा आकडा मात्र जसाच्या तसा विश्वासार्ह मानता येत नाही. त्याच्या चिठ्ठीवरील १२ व्होल्टच्या ओळीतील अँपिअर पाहून त्याला १२ ने गुणल्यास कार्ड व प्रोसेसर यांच्यासाठी उपलब्ध असलेली वीज कळते.

सहा पिनांची तार नसताना डिस्कच्या साटा तारेला जोडणी लावून काम भागवण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. साटा जोडणीची १२ व्होल्टवरील मर्यादा ५४ वॅट असते, तर सहा पिनांच्या जोडणीतून कार्ड ७५ वॅटपर्यंत वीज ओढू शकते. या तफावतीमुळे तार तापून वितळण्याचा धोका असतो.

*जागा व स्लॉट*

लहान कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही. पूर्ण उंचीच्या कार्डची मागील पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर, तर कमी उंचीच्या म्हणजे लो-प्रोफाइल कार्डची पट्टी सुमारे ८ सेंटिमीटर असते. खरेदीपूर्वी कॅबिनेट उघडून तीन मापे घेणे आवश्यक आहे: मागील पट्टीची उंची, स्लॉटपासून डिस्कच्या चौकटीपर्यंतची लांबी आणि शेजारच्या स्लॉटची मोकळीक. अनेक कार्डे जाडीमुळे दोन स्लॉटांची जागा व्यापतात.

स्लॉटची लांबी सारखी असली तरी सर्व कार्डे त्यातील सर्व मार्गिका वापरत नाहीत. एएमडीचे आरएक्स ६४०० हे कार्ड १६ ऐवजी केवळ ४ मार्गिका वापरते. पीसीआय एक्स्प्रेस ४.० असलेल्या नव्या संगणकात ही उणीव फारशी जाणवत नाही. परंतु ३.० मध्ये त्याला प्रतिसेकंद सुमारे ४ जीबी आणि इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या संगणकांतील २.० मध्ये सुमारे २ जीबी एवढाच वेग मिळतो. म्हणजेच नवे कार्ड जुन्या संगणकात आपल्या नावाप्रमाणे काम करेलच, असे नाही.

*पडद्याची जोडणी*

जुन्या मॉनिटरला बहुधा व्हीजीए ही एकच जोडणी असते. एनव्हिडियाच्या जीटी १०३० व त्यानंतरच्या कार्डांत व्हीजीए संकेत मिळत नाही. त्यामुळे एचडीएमआय संकेत व्हीजीएमध्ये रूपांतरित करणारा परिवर्तक वेगळा घ्यावा लागतो. कार्ड बसवल्यानंतर मॉनिटरची तार मदरबोर्डऐवजी कार्डला जोडावी लागते. ती जुन्या जागीच राहिल्यास कार्डचा उपयोग होत नाही.

*प्रोसेसर व बायोस*

प्रोसेसर मंद असल्यास वेगवान कार्ड कामाची वाट पाहत राहते. दोन गाभ्यांच्या जुन्या प्रोसेसरसोबत महागडे कार्ड लावल्यास त्यावरील खर्चाचा मोठा भाग वाया जातो. इंटेलच्या आर्क मालिकेतील कार्डांना पूर्ण क्षमतेसाठी रिसायझेबल बार ही सुविधा लागते. ती सामान्यतः इंटेलच्या दहाव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझेन ३००० मालिकेपासून पुढे मिळते. म्हणून त्याहून जुन्या संगणकासाठी आर्क कार्ड योग्य ठरत नाही. यूईएफआय नसलेल्या जुन्या बायोसवर काही नवी कार्डे चित्रच दाखवत नाहीत. त्यामुळे बायोसची आवृत्ती आधी पाहून घेणे हिताचे असते.

कार्ड निवडण्याचे निकष

*मेमरीचा आकार आणि वेग*

दुकानात कार्डची ओळख बहुधा ‘दोन जीबीचे’ किंवा ‘चार जीबीचे’ अशी करून दिली जाते. मात्र मेमरीच्या आकाराइतकाच तिचा वेग महत्त्वाचा असतो. जीटी १०३० हे एकच नाव असलेली दोन कार्डे बाजारात आली. २०१७ च्या जीडीडीआर५ मेमरीच्या कार्डचा वेग प्रतिसेकंद ४८ जीबी आहे, तर २०१८ च्या डीडीआर४ मेमरीच्या कार्डचा केवळ १६.८ जीबी आहे. दोन्हींवर २ जीबी असेच लिहिलेले असते.

हा फरक कागदावरचा नाही. ऑटोकॅडच्या अलीकडील आवृत्त्यांसाठी किमान २९ जीबी प्रतिसेकंद वेगाचे आणि शिफारस म्हणून १०६ जीबी प्रतिसेकंद वेगाचे कार्ड सांगितलेले आहे. त्यानुसार डीडीआर३ मेमरीचे जीटी ७१० (१४.४ जीबी प्रतिसेकंद) आणि डीडीआर४ मेमरीचे जीटी १०३० ही दोन्ही कार्डे किमान अटही पूर्ण करत नाहीत. तंत्रनिकेतन किंवा आयटीआयमधील आरेखनाच्या विद्यार्थ्यासाठी खोक्यावरील मेमरीचा प्रकार वाचणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

*ड्रायव्हरचा आधार*

कार्ड आणि संचालन प्रणाली यांच्यातील दुवा साधणाऱ्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर म्हणतात. निर्मात्याने ड्रायव्हरची सुधारणा थांबवल्यावर कार्ड चालू राहते, परंतु नव्या सॉफ्टवेअरशी त्याचा मेळ हळूहळू तुटतो. एनव्हिडियाने मॅक्सवेल व पास्कल पिढ्यांच्या कार्डांसाठी नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच देण्याचे आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षाविषयक सुधारणा देण्याचे जाहीर केले. जीटी १०३० व जीटीएक्स १०५० टीआय ही कार्डे पास्कल पिढीतील आहेत. कुडाच्या २०२५ मधील १३ व्या आवृत्तीतूनही या पिढ्या वगळण्यात आल्या. जीटीएक्स १६५० हे त्यापुढील ट्युरिंग पिढीतील असल्याने त्याला हा निर्णय लागू होत नाही.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा सामान्यतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० आवश्यक आहे. नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्याने ही अट पूर्ण होत नाही. अशा संगणकावर लिनक्स आधारित प्रणाली हा पर्याय उरतो.

*व्हिडिओची क्षमता*

काही कार्डे व्हिडिओ दाखवू शकतात, परंतु तो साठवण्याच्या कामात मदत करत नाहीत. जीटी १०३० व आरएक्स ६४०० या दोन्हींत व्हिडिओ संकेतनाची यंत्रणा नाही. म्हणून पडद्यावरील धडा चित्रित करणाऱ्या शिक्षकांना किंवा व्हिडिओ संपादकांना ती अपुरी पडतात.

जोडतारेशिवाय चालणारी काही कार्डे

| कार्ड | वर्ष | वीज (वॅट) | मेमरी (जीबी) | मेमरीचा वेग (जीबी प्रतिसेकंद) | मार्गिका |
|---|---|---|---|---|---|
| जीटी १०३० (जीडीडीआर५) | २०१७ | ३० | २ | ४८ | ४ |
| जीटीएक्स १०५० टीआय | २०१६ | ७५ | ४ | ११२ | १६ |
| जीटीएक्स १६५० (जीडीडीआर५) | २०१९ | ७५ | ४ | १२८ | १६ |
| आरएक्स ६४०० | २०२२ | ५३ | ४ | १२८ | ४ |
| आरटीएक्स ३०५० (६ जीबी) | २०२४ | ७० | ६ | १६८ | ८ |

जीटीएक्स १०५० टीआय व जीटीएक्स १६५० यांच्या काही उत्पादकांच्या नमुन्यांना सहा पिनांची तार लागते, तर काहींना लागत नाही. आरटीएक्स ३०५० या नावाचे ८ जीबीचे कार्ड १३० वॅटचे असून ते वेगळे आहे. म्हणून केवळ नावावर विसंबून न राहता नेमका नमुना पाहणे आवश्यक असते.

खानदेशातील परिस्थिती

*हवामान*

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव व भुसावळ येथील कमाल तापमान अनेक वर्षी ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. धुळे जिल्ह्यातही उन्हाळा तीव्र असतो. कार्डचे तापमान खोलीतील हवेपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त असते. २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत साधारण ८० अंशांपर्यंत जाते. बहुतेक कार्डे ८० ते ९० अंशांच्या दरम्यान स्वतःचा वेग कमी करू लागतात. त्यामुळे थंड प्रदेशातील परीक्षणांत दिसणारा वेग मे महिन्यात पत्र्याच्या छताखालील खोलीत मिळेलच, असे नाही. कमी विजेचे कार्ड येथे केवळ बिलासाठी नव्हे, तर उष्णतेसाठीही सोयीचे ठरते.

काळ्या मातीची धूळ आणि जिनिंग-प्रेसिंगच्या परिसरात हवेत असणारे कापसाचे तंतू कार्डच्या पंख्यात व पन्हाळ्यांत अडकतात. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी कॅबिनेट उघडून सफाई केल्यास तापमानात स्पष्ट फरक पडतो. पाण्याच्या कूलरचा दमट झोत थेट कॅबिनेटवर येणार नाही, अशी मांडणी असावी.

*वीज*

ग्रामीण भागातील भारनियमन व कमी-जास्त होणारा दाब यांमुळे यूपीएस आवश्यक असतो. घरगुती वापरातील ६०० व्हीएचा यूपीएस सामान्यतः ३६० वॅट भार सोसतो. ७५ वॅटच्या कार्डसह संगणक व मॉनिटर त्यावर चालतात, परंतु वीज गेल्यानंतर मिळणारा वेळ घटतो. मोठ्या कार्डसाठी एसएमपीएसबरोबर यूपीएसही बदलावा लागल्यास तो खर्च कार्डच्या किमतीत धरला पाहिजे. घरातील अर्थिंग योग्य आहे किंवा नाही, हेही तपासून घ्यावे लागते.

*बाजारपेठ*

जळगाव शहरात गोलाणी मार्केट परिसरात संगणक व मोबाइलची दुकाने आहेत. जळगाव मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर असून धुळे चाळीसगावमार्गे रेल्वेने जोडलेले आहे. त्यामुळे अनेक ग्राहक मुंबईतील लॅमिंग्टन रोड या जुन्या इलेक्ट्रॉनिक बाजारपेठेतून किंवा ऑनलाइन खरेदी करतात. दूरच्या खरेदीत किंमत कमी असली, तरी हमीच्या काळात कार्ड परत पाठवण्याचा खर्च व वेळ ग्राहकाला सोसावा लागू शकतो. स्थानिक दुकानात आपल्याच संगणकात कार्ड बसवून पाहण्याची सोय मिळाल्यास किमतीतील थोडा फरक देणे सयुक्तिक ठरते.

वापरलेली व बनावट कार्डे

आभासी चलन निर्माण करण्यासाठी ग्राफिक्स कार्डांचा मोठा वापर झाल्याने २०२०-२२ या काळात त्यांची टंचाई होती. इथेरियम या चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये आपली पद्धत बदलल्यानंतर वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने विक्रीस आली. दिवसरात्र चाललेल्या अशा कार्डांचे पंखे व उष्णता वाहून नेणारी पेस्ट झिजलेली असू शकते.

त्याहून गंभीर प्रकार बनावट कार्डांचा आहे. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय यांसारख्या जुन्या कार्डांतील आज्ञावली बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकल्याची उदाहरणे आढळली आहेत. असे कार्ड संगणकात खोटे नाव दाखवते. जीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरद्वारे चिपचे खरे स्वरूप पडताळता येते. खऱ्या १०५० टीआय कार्डला व्हीजीएची जोडणी नसते. त्यामुळे तशी जोडणी दिसल्यास संशय घेण्यास जागा आहे.

देयक व ग्राहकाचे हक्क

ग्राफिक्स कार्डवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू होतो. कर वाचवण्यासाठी कच्च्या बिलावर खरेदी केल्यास हमी व तक्रार या दोन्हींचा आधार कमकुवत होतो. पक्क्या बिलावर कार्डचा पूर्ण नमुना व अनुक्रमांक नोंदवून घेणे इष्ट असते.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे मुंबईतून किंवा ऑनलाइन घेतलेल्या सदोष कार्डची तक्रार जळगाव किंवा धुळे येथेही दाखल होऊ शकते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असून ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

बसवणी व चाचणी

कार्ड बसवण्यापूर्वी संगणक बंद करून वीजतार काढली जाते आणि अंगातील स्थिरविद्युत जाण्यासाठी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श केला जातो. कार्ड स्लॉटमध्ये खटका बसेपर्यंत दाबून मागील पट्टी स्क्रूने घट्ट करतात. त्यानंतर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेतला जातो. पहिल्या दिवशीच अर्धा ते एक तास भाराची चाचणी घेऊन तापमान पाहिल्यास दोष परतीच्या मुदतीत लक्षात येतो. चाचणीत संगणक अचानक बंद पडल्यास एसएमपीएस अपुरा असण्याची शक्यता प्रथम तपासावी.

पर्याय

पूर्वतपासणीनंतर कार्डसोबत एसएमपीएस, यूपीएस व कॅबिनेटही बदलावे लागणार असल्याचे दिसल्यास सुधारणेचा आर्थिक हेतूच उरत नाही. अशा वेळी कार्ड न घेणे हाही योग्य निर्णय असतो. अंतर्भूत ग्राफिक्स अधिक सक्षम असलेला नवा किंवा नूतनीकृत संगणक घेणे, यंत्रशिक्षणाच्या सरावासाठी गूगल कोलॅबसारख्या सेवेतील मर्यादित मोफत जीपीयू वापरणे, अथवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर काम करणे हे पर्याय उपलब्ध असतात.

बदललेले जुने कार्ड चालू स्थितीत असल्यास ते दुसऱ्या संगणकासाठी उपयोगी पडते. निकामी कार्ड भंगारात न देता ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे देणे अपेक्षित आहे. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

हेही पाहा

* ग्राफिक्स प्रक्रिया एकक
* मदरबोर्ड
* पीसीआय एक्स्प्रेस
* ई-कचरा
* ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९